पांजण, भाग तीन

"त्या पिक्चरमध्ये काम करशील, त माह्यासंग बोलू नको, काकू," असं सुमंत बोलून बसला आणि खोलीतल्या मॉनिटरकडे वळला.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या तळघरात ही खोली होती. गुडघ्याचं ऑपरेशन कसं करतात, डायलिसिसच्या पेशंटनं पाणी किती प्यावं, असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ सुमंत निमजे इथे बसून तयार करायचा. वर वेटिंग हॉलमधल्या टीव्हीवर ते दिवसभर फिरत राहायचे. अठरा वर्षं तो हेच करत होता. समोरच्या खुर्चीत बसलेल्या चंद्रकलाकाकू पराते त्याच्या जुन्या गल्लीतल्या, एकाहत्तर वर्षांच्या. डोळे दाखवायला आल्या होत्या आणि जाता जाता बातमी सांगायला खाली उतरल्या होत्या.

"तू काहून तापून राहिला गा?" काकू म्हणाल्या. "त्याईनं मले बोलावलं. सावनेरले शूटिंग हाय. गाडी पाठवतो म्हणाले."

"तुले काय कराले लावतील, मालूम हाय का?"

"भूत कराले लावतील. मंग? मांगच्या बारी बी भूतच केलं होतं न मी."

"ते भूत नव्हतं."

"मंग काय होतं?"

ते शब्दांत सांगता आलं असतं, तर सुमंतनं पिक्चर काढलाच नसता.

त्याच्या लहानपणी गोळीबार चौकामागच्या त्यांच्या गल्लीत पहाटे सुताचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे लांब उभे धागे, पसरला जायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाया हातात कुंचा घेऊन त्याला खळ लावत चालायच्या. ऊन चढायच्या आत काम उरकावं लागे. या कामाला पांजण म्हणत. ताणा पसरलेला असताना तो कुणी ओलांडायचा नाही, मग घरात काहीही घडलेलं असो. पुढे माग बंद पडले. कुणी ऑटो चालवू लागलं, कुणी मिहानमधल्या कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहिलं. गल्लीत पहाटे मोटारसायकली धुतल्या जाऊ लागल्या.

दोन हजार सहामध्ये, पस्तिशीत असताना, सुमंतनं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि अकरा पहाटांत 'पांजण' नावाचा पिक्चर काढला. विणकाम उरलेलं नाही अशा गल्लीत एक मेलेली बाई रोज पहाटे येते आणि नसलेल्या ताण्यावर कुंचा फिरवत चालते. ती कुणाकडे बघत नाही, कुणाला हात लावत नाही. गल्लीत नवं राहायला आलेलं एक कुटुंब तिच्या वाटेतून आडवं जातं आणि मग त्या घरातलं एकेक माणूस बोलणं विसरत जातं. एवढीच गोष्ट. ती बाई म्हणून त्यानं चंद्रकलाकाकूंना उभं केलं, कारण वयाच्या नवव्या वर्षापासून त्यांनी हे काम केलं होतं. त्यांना त्यानं एकच सूचना दिली होती, चालत राहा.

पिक्चर नागपुरात एका हॉलवर तीन दिवस लागला आणि उतरला. सुमंतनं हॉस्पिटलात नोकरी धरली.

तेरा वर्षांनी मुंबईच्या एका निर्मात्याला तो पिक्चर कुठून तरी बघायला मिळाला. त्यानं हक्क मागितले. याचा दुसरा भाग कोण कशाला काढेल, असं वाटून सुमंतनं कागद न वाचता सही केली. दुसरा भाग आला तेव्हा तो सकाळच्या खेळाला एकटाच गेला. त्याच्या पिक्चरमधली मेलेली बाई आता पंचविशीतली होती. तिला नखं होती, सुळे होते आणि तिनं सुतानं गळा आवळून अकरा माणसं मारली. मागच्या रांगेतली पोरं हसत होती. सुमंतचं डोकं तापून गेलं. तरी तो शेवटपर्यंत बसून राहिला, सगळी नावं सरकून 'मूळ कथा : सुमंत निमजे' ही ओळ पडद्यावर येईपर्यंत. ती त्यानं वाचली आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

त्या दुसऱ्या भागामुळे लोकांनी पहिला शोधून काढला. दोन-अडीच लाख लोकांनी तो मोबाइलवर पाहिला. कुणी कुणी त्याला पत्रासारखे लांब निरोप पाठवले. ते वाचताना त्याला आनंद व्हायचा आणि हा आनंद कुणामुळे मिळाला हे आठवलं, की पुन्हा राग यायचा. त्याची बायको प्रेमिला एकदा म्हणाली होती, "तुमाले नेमका राग कायचा हाय? त्याईनं वाईट काढला म्हणून, का तुमाले न विचारता काढला म्हणून?" तेव्हा तो ताट सोडून उठला होता.

आणि आता तिसरा.

काकू खुर्चीतून उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "बोलू नको त नको बोलू. पण संग चाल. मले त्या लोकाईचं काही समजत नाही."

*

सावनेरजवळ बंद पडलेल्या एका कोळसा खाणीची कॉलनी होती. रिकाम्या क्वार्टर्सच्या एका रांगेत शूटिंग चाललं होतं. खिडक्यांना काळं कापड मारून भरदुपारी आत रात्र केली होती. दिग्दर्शक अंकुर तिशीचा, मानेवाड्याचा पोरगा. सुमंतला बघताच तो येऊन पाया पडला. त्यामुळे सुमंतचा राग आणखी चढला, कारण पाया पडलेल्या माणसाला पहिल्याच वाक्याला शिवी देता येत नाही.

"सर, मामा मला घेऊन गेला होता तुमच्या पिक्चरला," अंकुर म्हणाला. "सातवीत होतो. हॉलमध्ये आम्ही नऊ जण होतो. घरी जाताना मामा रस्ताभर बोलला नाही."

"अन् त्यातून तू हे शिकला?"

तेवढ्यात मेकअपच्या खोलीतून काकू बाहेर आल्या. डोळ्यांत पांढरी भिंगं, त्यातून पाण्याची धार लागलेली, अंगावर मुद्दाम फाडलेलं लुगडं. चाचपडत, भिंतीला हात लावत त्या आल्या.

"हे फाटकं काहून नेसवलं गा यानं?" त्या हवेतच विचारत होत्या. "आमी इणणारे लोक. आमच्या घरी फाटकं कोणी नेसत नव्हतं."

सुमंतचा तोल गेला. सगळ्या युनिटसमोर तो अंकुरवर ओरडला. "तिले दात दिले, नखं दिली, आंधळी केली. तिच्या हातात काम कुठं हाय? माह्या पिक्चरमधली बाई मेल्यावर बी कामाले जात होती. तिले सुटी नव्हती. लोक त्याले भ्याले होते, तुह्या दाताईले नाही."

"सर, नऊ लोक भ्याले होते," अंकुर म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "दुसरा भाग आला नसता त पहिला कोणी पाहिला असता का? मले हा तिसरा मिळाला, तो बी दुसऱ्यामुळंच. वरून सांगितलं हाय, बारा मिनिटाले एक किंचाळी पाहिजे. मी काय करू, तुम्ही सांगा."

सुमंत जाऊन भिंतीशी उभा राहिला.

प्रसंग असा होता : मयुरी नावाची तरुण नटी जमिनीवर पडलेली, भोवती सुताचा गुंता, आणि काकूंनी अंधारातून झेपावत येऊन तिचा गळा आवळायचा. पहिल्या खेपेला काकू किंचाळल्या ते मांजराला हाकलल्यासारखं झालं. लाइटवाले हसले. दुसऱ्या खेपेला त्या मयुरीच्या पायात अडखळल्या. मग त्यांनी कुणाला न विचारता बोट घालून दोन्ही भिंगं काढली आणि मदतनीस मुलीच्या तळहातावर ठेवली.

"मले दिसत नाही, त मी काम कशी करू? आता चालू करा."

तिसऱ्या खेपेला त्या झेपावल्या नाहीत. चालत आल्या, मयुरीच्या डोक्याशी बसल्या. गळ्याभोवतीचं सूत त्यांनी हातात घेतलं आणि सोडवायला लागल्या. ओढाताणीत ते कुठेतरी तुटलं होतं. त्या एकेक धागा बोटांवरून सरकवत ते तुटलेलं टोक शोधू लागल्या. मयुरी किंचाळायचं विसरून नुसती वर बघत राहिली. काकूंना टोक सापडलं. त्यांनी ते जिभेनं ओलं केलं, दुसऱ्या टोकाला जोडलं, अंगठा आणि बोट एकदा फिरवलं. गाठ बसली. सूत मयुरीच्या गळ्यावरूनच गेलं होतं आणि प्रत्येक हिसक्याला ते कातडीत रुतत होतं. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. मयुरीचा गाल हाताच्या वाटेत आला, तेव्हा त्यांनी तो उलट्या हातानं बाजूला केला, कामात लुडबुडणारं मूल सरकवावं तसा. आणि पुढचं टोक शोधायला घेतलं.

कुणी हललं नाही. अंकुर कट म्हणाला नाही. एकोणीस वर्षांत आज पहिल्यांदा सुमंतला त्या बाईची भीती वाटली.

मग मयुरी खोकली आणि सगळे भानावर आले.

काकू उठून त्याच्याजवळ आल्या तेव्हा सुमंतनं हलक्या आवाजात विचारलं, "हे त्या टायमाले काहून नाही केलं?"

"तू मले चाल म्हणालता. मी चालली."

मुंबईच्या कंपनीतर्फे आलेली सोनिका नावाची बाई मॉनिटरसमोरून उठली. "फारच छान झालं, आजी. आता एक किंचाळून पण करून ठेवूया. म्हणजे दोन्ही हाताशी राहतील."

"नाही म्हण, काकू," सुमंत म्हणाला.

"काहून नाही म्हणू? त्याईनं बोलावलं, त्याईचं बी काम झालं पायजे."

आणि त्या पुन्हा अंधारात जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी किंचाळी अशी निघाली, की बाहेर जनरेटरजवळ बसलेला माणूस धावत दारात आला. सुमंत तिथून निघाला आणि थेट गाडीत जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या. काकूंच्या कपाळाच्या कडेला पांढरा रंग राहून गेला होता.

"तुह्या मनात हाय, का मी तुले धोका देला," काकू एकदम म्हणाल्या. "पण एक सांग. तुनं मले अकरा दिवस चालवलं. त्याच्यानंतर एकोणीस वर्षं कधी आला का म्हणाले, काकू, आपुन अखीन एक करू? मी वाट पाहत होती. सुनेले म्हणत होती, सुमंत येईन. तू येतच नव्हता. हे लोक निदान बोलावते त."

"मले जमलं नसतं, काकू."

"कायले नसतं जमलं? तू दुसरा काढला असता, त मी तुह्याच पिक्चरमध्ये आली असती न. मले काय हौस हाय त्याईच्याकडे जायची?"

सुमंतनं खिडकीची काच खाली केली. राग होताच, पण आता तो कुठे नेऊन टाकावा हे कळत नव्हतं. हॉस्पिटलच्या तळघरात त्यानं मनातल्या मनात चार-पाच पिक्चर काढले होते. गुडघ्याचे सांधे पडद्यावर जोडता जोडता ते सगळे विरून गेले होते. त्याला कुणी अडवलं नव्हतं. पहिल्यासारखं होणार नाही, या भीतीनं त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं, आणि या भीतीला तो इतकी वर्षं स्वाभिमान म्हणत आला होता.

*

'पांजण ३' जानेवारीत आला. पहिल्याच शुक्रवारी दुपारच्या खेळाला सुमंत आणि प्रेमिला काकूंना घेऊन गेले. काकू जरीकाठाचं नवं लुगडं नेसल्या होत्या.

तो प्रसंग मध्यंतराच्या थोडा आधी आला. बोटं सूत चाचपताना दिसली, ओलं केलेलं टोक दिसलं, आणि गाठ बसायच्या आतच ढोल वाजायला लागले. त्यावर किंचाळी, मग रक्त, मग अंधार. काकूंच्या त्या कामाचे चार-पाच सेकंदच ठेवले होते. किंचाळी मात्र पूर्ण ठेवली होती, आणि ती काकूंची नव्हतीच. कुठल्या तरी तरुण बाईचा आवाज त्यांच्या तोंडावर बसवला होता. हॉलमध्ये लोक ओरडले, लगेच हसले. प्रेमिलानं सुमंतच्या मनगटावर हात ठेवला, कारण त्याच्या मुठी आवळल्या होत्या.

"आवाज माहा नोहे," काकू अंधारात पुटपुटल्या. एवढंच.

बाहेर आल्यावर कॉलेजच्या पाच-सहा पोरापोरींनी काकूंना ओळखलं. त्यांचा घोळका झाला. आजी, तुम्हीच ना त्या, आजी, एक फोटो. काकू गोंधळल्या, मग हसल्या, पदर सारखा करून काचेच्या दाराशी उभ्या राहिल्या. एका मुलीनं इकडेतिकडे बघितलं आणि जवळ उभ्या असलेल्या सुमंतच्या हातात आपला मोबाइल दिला.

"काका, काढता का जरा?"

त्यानं मोबाइल घेतला. मागून दुपारचं ऊन येत होतं, चेहरे काळे पडत होते. त्यानं सगळ्यांना दोन पावलं डावीकडे घ्यायला लावलं, एका उंच पोराला मागे पाठवलं.

"आजी, तसं भुतासारखं करा न," कुणीतरी म्हणालं. "ते किंचाळल्यासारखं."

काकूंनी त्या पोराकडे पाहिलं नाही. हात सरळ सोडून, हनुवटी किंचित वर धरून त्या सुमंतकडे बघत होत्या.

"कशी उभी राहू गा?"

मोबाइलच्या पडद्यावर त्यांचा चेहरा नीट मधोमध आला होता. सुमंतनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

"तशीच," तो म्हणाला.