मिठाच्या पोत्यासमोर बसलेली बाई

मित्रांनो, मी तराजू आहे, पण दुकानदाराच्या हातात लोंबकळतो तसला नव्हे. माझी दांडी छताच्या तुळईला टांगलेली आहे आणि माझ्या एकेका पारड्यात बैल सोडून बहुतेक सगळे मावते. माझे वय विचारू नका. लोखंडाला वय नसते, गंज असतो.

मला एका लोहाराने घडवले. दांडी ठोकताना तो इतक्या शिव्या द्यायचा, की माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत. पारडी सुताराने केली, जाड फळ्यांची. मग बाजाराच्या तोलघरात मला टांगले आणि माझी नोकरी सुरू झाली. लोकर, धान्य, चामडे, दोरखंड, मीठ. मी कुणाची भीड ठेवली नाही. गावात भांडण कितीही चढले, तरी तोलघराच्या काट्यापुढे ते उतरायचे. नवरा-बायकोसुद्धा माझी शपथ घेत, यावरून काय ते समजा.

आमचा मापाडी अबोल माणूस होता. तोलण्याआधी तो रिकामी पारडी स्थिर होऊ द्यायचा आणि काट्यावरची धूळ फुंकायचा. कुणी वजनावर शंका घेतली, तर तो हुज्जत घालत बसायचा नाही. त्याच जातीचा दुसरा माल उचलायचा आणि पारड्यात टाकायचा. "हे बघा," म्हणायचा, "याचं वजन हे, त्याचं ते. काटा बिघडलाय की तुमची लोकर ओली आहे, तुम्हीच ठरवा." ही त्याची सवय लक्षात ठेवा. पुढे तीच त्याच्या अंगाशी आली.

आता त्या काळची एक समजूत सांगतो. लोक म्हणत, चेटकीण हवेतून उडते, म्हणजे ती हलकी असलीच पाहिजे. शेजारच्या गावात संशय आलेल्या बाईचे हातपाय बांधून तिला पाण्यात टाकत. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण. निर्दोष ठरल्याचा त्या बाईला फारसा उपयोग होत नसे. आमचे गाव स्वतःला जरा शहाणे समजे. आमच्याकडे एका पारड्यात मिठाचे पोते ठेवत आणि दुसऱ्यात बाईला बसवत. पोते खाली गेले, की बाईला जाळायची लाकडे गोळा होत.

एका हिवाळ्यात विणकराचे तान्हे मूल तापाने गेले. ते जन्मले होते सुईणीच्या हातावर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणतात ना, तशातला प्रकार. पण विणकराच्या बायकोच्या मनाने घेतले, की सुईणीनेच करणी केली. पुरावाही होता. मूल गेल्यापासून सुईण रोज संध्याकाळी विणकराच्या दाराशी यायची, बंद दारापुढे काहीतरी पुटपुटायची आणि एक कडीचा डबा उंबऱ्यावर ठेवून निघून जायची. विणकराची बायको डब्याचे झाकण काढून, आत न बघता, सगळे गटारात ओतायची. ही बातमी गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात पोचली. तिथे दाढीला बसलेल्या प्रत्येकाच्या कानात ती गेली, आणि बघता बघता पराचा कावळा झाला.

सुईणीला तोलघरात आणले, तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. न्यायाधीश खुर्चीत बसले होते. मापाड्याने सुईणीचे जोडे आणि शाल काढून बाजूला ठेवायला लावली, काट्यावर फुंकर मारली आणि तिला पारड्यात बसवले. त्याची स्वतःची तिन्ही मुले तिच्याच हातची. 

सुईण अंगाने भक्कम होती. पारडे जमिनीला टेकले.

"सुईणमावशी जड," मापाडी म्हणाला. त्याने सोडलेला श्वास मला दांडीपर्यंत जाणवला.

"जड कशी असेल?" न्हावी ओरडला. "काट्यावरच करणी केलीय तिनं!"

मापाड्याला स्वतःचा अपमान चालत असे, माझा नाही. सवयीने तो बोलून गेला, "मग त्याच जातीचं दुसरं ठेवून बघू." आणि त्याने अगदी जवळ उभ्या असलेल्या बाईला हाताने बोलावले. ती विणकराची बायको होती. "ये गं, बस घटकाभर. कुठलीही साधी बाई मिठापेक्षा जडच भरणार. म्हणजे काटा ठीक आहे, हे सगळ्यांना कळेल."

ती बसली. पारडे खाली आले नाही. मिठाचे पोते जमिनीवर होते तसेच राहिले आणि ती वर अधांतरी.

मित्रांनो, मला मत नसते. ती मिठापेक्षा हलकी होती, तेवढेच मी सांगितले. पण आपण लोखंडाचे असल्याची लाज मला आयुष्यात एकदाच वाटली, ती तेव्हा.

"अरे, म्हणजे चेटकीण ही!" न्हावी म्हणाला. त्याला कुणीही चालणार होते. विणकर, तिचा नवरा, एक पाऊल मागे सरकला. "थांबा हो, मी नुसता काटा तपासत होतो," मापाडी कळवळून सांगत होता, पण त्याचे ऐकतो कोण? कुणीतरी दोरखंड पुढे केला.

न्यायाधीश म्हणाले, "पोतं खाली आहे. नियम सगळ्यांना सारखा."

सुईण तोवर आपले जोडे घालत होती. एकच जोडा घालून ती उठली.

"नियम गेला खड्ड्यात. आधी तिला जेवू घाला, मग तोला. मूल गेल्यापासून या पोरीनं अन्नाला हात लावलेला नाही. मी रोज दुधात पाव कुस्करून दारात ठेवत होते. 'खाऊन घे गं दोन घास' म्हणत होते, ते तुम्हाला मंत्र वाटले."

विणकराच्या बायकोने पहिल्यांदाच मान वर केली. "मी ते गटारात ओतलं, मावशी."

"ठाऊक आहे. गल्लीतलं मांजर बघ कसं गुबगुबीत झालंय. हवं तर त्यालाही तोला म्हणावं!"

मागे कुणीतरी फिसकन हसले. मग आणखी एकजण. दोरखंड धरलेला माणूस दोरखंडाकडे असा बघू लागला, जणू तो त्याच्या हातात दुसऱ्याच कुणी दिला होता. तेवढ्यात सुईण एका जोड्यानिशी पारड्यात चढली, तिने त्या मुलीला कुशीत घेतले आणि पारडे धाडकन खाली आदळले.

"आता तोला आम्हाला," ती म्हणाली.

दोघींना एकदम तोलायचा नियम कुठेच नव्हता. न्यायाधीशांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांची जेवणाची वेळ झाली आणि ते उठले. त्यांच्यामागून गर्दीही पांगली. पारड्यात ती मुलगी मोठ्याने रडत होती आणि सुईण तिला थोपटत होती. मापाडी मिठाचे पोते उचलायला गेला, पण त्याच्याने ते उचलवेना. तो त्याच पोत्यावर बसून राहिला.

त्यानंतर त्याने माझ्या पारड्यात माणूस बसू दिला नाही. कुणी आलेच, तर सांगायचा, "इथे माल तोलतात."

पुढे नवे काटे आले आणि तोलघर बंद पडले. माझ्या दांडीवर कबुतरांनी संसार थाटले. कुणी म्हणाले मोडीत काढा, कुणी म्हणाले जपून ठेवा. जपणाऱ्यांचे पारडे जड ठरले म्हणून मी आज या संग्रहालयात आहे. मुलांच्या सहली येतात, माहिती देणाऱ्या बाई ही गोष्ट सांगतात. परवा एका मुलीने विचारले, "पण ती मग जेवली का?"

बाईंनी घड्याळ पाहिले. "चला, पुढची दालनं बघायचीत अजून," म्हणाल्या.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. तोलघरातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येताना मापाड्याने सुईणीच्या पायरीवर कडीचा डबा पाहिला. तोलघरात आल्याआल्या तो ते सगळ्या हमालांना सांगत सुटला. एवढे बोलताना मी त्याला कधी ऐकले नव्हते. डबा रिकामा होता आणि आतून घासून लख्ख केलेला होता.

मित्रांनो, मला तेल द्या, माझा गंज काढा, असे मी सांगणार नाही. ते काम करणारे इथे आहेत. चेटकिणी आता कुणी तोलत नाही म्हणतात, पण माणसे तोलायची हौस काही गेलेली नाही, हे माझ्यापुढे उभे राहून चाललेल्या गप्पांवरून मला कळते. तेव्हा एवढेच करा. कुणाला पारड्यात बसवायची घाई झालीच, तर आधी तिला विचारा, बाई गं, तू जेवलीस का?