चहाच्या डागासकट

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. शंभर पानी, एकेरी रेघांची आणि जन्माची भित्री. कारखान्यात कटरचं पातं खाली आलं तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले, पिना टोचल्या तेव्हा दुसऱ्यांदा. त्यानंतर मोजणं सोडून दिलं. वहीला एक गोष्ट उपजतच ठाऊक असते. निळी शाई मुलांची आणि लाल शाई मॅडमची. त्यात गडबड झाली की वहीचं काही खरं नाही.

जूनमध्ये कासा गावच्या बाजारात शुक्रा नावाच्या माणसानं मला आपल्या मुलीसाठी घेतलं. त्याची सुकी सातवीत गेली होती. तिनं माझ्यावर 'विषय मराठी' असं लिहिलं आणि मला छातीशी धरून पाड्यावर नेलं. घरी ती वारली बोलायची, त्यामुळे मराठीच्या तासाला तोंड उघडायची तिला भीती वाटे. आमचं दोघींचं लगेच जमलं. अक्षर मात्र तिचं असं होतं की मला माझाच हेवा वाटायचा. तिची आई बायजी लग्नघरी भिंतीवर चौक लिहायला, म्हणजे लग्नाचं चित्र काढायला, जायची आणि सुकीचा हात तिच्याच हाताखाली तयार झाला होता.

मराठी शिकवायला वर्षा मॅडम होत्या. त्या रोज डहाणूहून यायच्या आणि आमच्या शाळेत त्यांचं पहिलंच वर्ष होतं. पहिल्याच तासाला त्यांनी गुणांचा हिशेब फळ्यावर मांडला. स्वाध्यायाला इतके, तोंडी कामाला इतके, प्रकल्पाला इतके. मग म्हणाल्या, "गैरहजर राहिलात तर परत आल्यापासून आठ दिवसांत बुडालेला अभ्यास पूर्ण करायचा. नाहीतर रजिस्टरमध्ये त्या जागी शून्य." सुकीनं हे शब्द माझ्या पहिल्या पानावर लिहून घेतले. तेव्हापासून ते शून्य माझ्या पोटात होतं.

जुलैत आवणी आली. आमच्या पाड्यावर भाताची लावणी कोणी एकट्यानं करत नाही. आज सगळे यांच्या शेतात, उद्या सगळे त्यांच्या. आपलं शेत लावून झालं म्हणून घरी बसता येत नाही. जे आपल्याकडे वाकले त्यांच्याकडे जावंच लागतं. सुकीचे सोळा दिवस त्यात गेले. मी प्लास्टिकच्या पिशवीत वाशाला टांगलेली होते. छप्पर गळत होतं आणि प्रत्येक थेंब पिशवीवर पडला की माझा जीव वरखाली व्हायचा.

सुकी शाळेत परतली तेव्हा मॅडमनी पहिल्या बाकावरच्या रियाची वही तिला काढून दिली. "सगळं जसंच्या तसं उतरवून आण. काही सोडायचं नाही," असं त्या घाईत बोलल्या आणि दुसऱ्या वर्गावर गेल्या.

मित्रांनो, त्या वाक्यानं माझा घात केला. सुकीनं रियाची वही शेजारी ठेवून मला उघडलं. धडे उतरवले, स्वाध्याय उतरवले. तारखाही रियाच्याच घातल्या. मग ती अंगणवाडीच्या चंद्रिकाताईंकडून लाल पेन मागून घेऊन आली. लाल पेन पाहताच माझी पानं गार पडली. तिनं बरोबरच्या खुणा काढल्या. 'हस्ताक्षर सुधार' हा शेरा काढला. दहापैकी सात लिहिले. आणि सगळ्यात खाली, जीभ दातांत धरून, वर्षा मॅडमची सही काढली. अगदी हुबेहूब. रियाच्या एका पानावर मॅडमच्या चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता. सुकीनं थोडा गेरू कालवला आणि तो डागसुद्धा माझ्यावर काढला. वहीला ओरडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी पाडा गोळा झाला असता.

आठव्या दिवशी मी मॅडमच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात होते. त्यांनी मला उघडलं. आपण तपासलीच आहे की, असं वाटून त्या पान उलटणार होत्या. तेवढ्यात त्यांची नजर तारखेवर गेली. त्यांनी हजेरी काढली. त्या तारखेला सुकी गैरहजर होती.

"ही सही कोणी केली?"

सुकी उभी राहिली. "मीनीच लिवली, मॅडम. तुमी बोलल्या ना, काय सोडायचं नाय."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. मॅडमना ते उलट उत्तर वाटलं. त्यांचा आवाज चढला. "माझी खोटी सही करतेस आणि वर मलाच सांगतेस? सगळ्या स्वाध्यायांना शून्य. उद्या आईला घेऊन ये." मला त्यांनी कपाटात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुकी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कपाटाच्या फटीतून मला सुकीच्या पाड्यावरच्या निलमचा आवाज ऐकू आला. "मॅडम, सुकी बोलते, मी शाळेत येयाचीच नाय आता." त्या क्षणी मला स्वतःची भीती वाटेनाशी झाली. सगळी भीती सुकीसाठी उरली. शाळेत येणं थांबलेल्या मुली पाड्यावर कमी नव्हत्या. त्यांच्या वह्यांनी चूल पेटायची, हे मी पिशवीतून पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी बायजी आली. पोटऱ्यांना चिखल होता आणि पाठीमागे सुकी होती, खाली मान घातलेली. मॅडमनी मला आणि रियाच्या वहीला शेजारी शेजारी उघडून ठेवलं.

"बघा, काय केलंय तुमच्या मुलीनं."

बायजीला वाचता येत नव्हतं. ती वाकली. एक बोट माझ्यावर आणि एक रियाच्या वहीवर ठेवून ती दोन्ही बोटं सावकाश खाली नेत गेली. तिचा चेहरा गोंधळला.

"बाई, यात काय सुटलाय?" तिनं विचारलं. "बरोबर तं लिवलाय. चौकात एक रेघ जरी सुटली तं आमी बसून परत लिवतो. मीनीच शिकवलाय तिला, काय सोडू नको."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. पण बायजीचं बोट गेरूच्या त्या गोल डागावर थांबलं होतं. मॅडमनी तो डाग पाहिला. रियाच्या वहीवरचा पाहिला. मग टेबलावरच्या आपल्या कपाकडे पाहिलं. फसवायला निघालेलं माणूस चहाचा डाग कशाला काढेल? त्या खाली बसल्या. त्यांनी हजेरी ओढली आणि सुकीच्या नावापुढच्या दोन दिवसांच्या गैरहजेरीवर बोट ठेवलं. इतका वेळ आम्हीच घाबरलो होतो. आता त्या घाबरल्या होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पोर घरी बसली असती माझ्यामुळे."

बुडालेला अभ्यास पूर्ण करायचा हा नियम त्यांनी सोडला नाही, आठ दिवसांची मुदत तेवढी वाढवली. "उतरवून काढणं म्हणजे अभ्यास नव्हे, सुकी. आवणीच्या सोळा दिवसांत काय केलंस ते मला सांग. तुझ्या बोलीत सांग, मग आपण दोघी मराठीत लिहू." सुकी आधी पुटपुटली, मग हळूहळू मोकळी झाली. माझी अकरा पानं भरली. मॅडमनी दहापैकी आठ दिले आणि रजिस्टरमधली शून्यं खोडली. खाली खरी सही केली. माझ्यात आता दोन प्रकारच्या सह्या आहेत आणि खरं सांगते, सुकीची जास्त वळणदार आहे.

आता माझी पानं संपली. मी पुन्हा वाशाला टांगलेली आहे आणि पुन्हा घाबरलेली आहे, कारण पुढच्या वर्षी आवणी येईल आणि सुकीचे दिवस पुन्हा बुडतील. मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी बऱ्याच दिवसांनी परतलं तर त्याला नुसती वही देऊ नका, शेजारी बसून सांगा. आणि जे आमच्यावर गुण लिहितात त्यांना माझं हात जोडून एवढंच मागणं आहे. वर्षा मॅडम आता वह्या तपासताना चहाचा कप खिडकीत ठेवतात. शून्य लिहिण्याआधी लाल पेनही तसंच थोडा वेळ खिडकीत ठेवा, आणि समोरच्या मुलाला विचारा की तू कुठे होतास.

सुकी सोळा दिवस गुडघाभर चिखलात होती. तिला तेव्हा कोणीच विचारलं नव्हतं.