काट्यावरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुतणारा नव्हे, तोलणारा. गोल पांढरी तबकडी, तिच्यावर वीस किलोपर्यंतचे आकडे, वर टांगायची कडी आणि खाली ओझं अडकवायचा आकडा, एवढाच माझा देह. पोटात स्प्रिंग आहे आणि डोक्यावर एक छोटा स्क्रू. तो फिरवला की माझी सुई मागेपुढे सरकते. या स्क्रूपायीच माझी अब्रू गेली, म्हणून त्याची ओळख आधीच करून देतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतो तो भैय्यालालचा हात. भैय्यालाल आसगावचा. आठवडी बाजारात तो मापारी होता. वांगी, मिरची, मोहफुलं, बोडीतले म्हणजे छोट्या तळ्यातले मासे, जे येईल ते तो माझ्यावर तोलायचा. पहिलं वजन झालं की तो 'एक' म्हणत नसे. आमच्याकडच्या मापाऱ्यांच्या रीतीप्रमाणे मोठ्याने 'लाभ!' म्हणायचा आणि मग दोन, तीन, चार. वर्षाला एकदा वजनमापाचे साहेब येऊन मला तपासायचे आणि शिशाचा शिक्का मारून जायचे. तो शिक्का मी पदकासारखा मिरवायचो.

एकदा एका व्यापाऱ्याने भैय्यालालच्या कानाशी लागून सांगितलं, सुई जरा मागे घे, तुझं भलं करतो. भैय्यालालने मान वरसुद्धा केली नाही. "माया काट्याले एकच जबान हाये, शेठ," तो म्हणाला, "अन् ते मले फिरवता येत नाई." त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की विचारू नका. या माणसासाठी मी जीव दिला असता.

पुढे बाजारात बॅटरीवरचे काटे आले. भैय्यालालही थकला. त्याने मला घरी आणून पडवीच्या आढ्याला टांगलं, आणि तिथे मी सहा वर्षं धूळ खात लोंबकळत राहिलो. कधी कोणी माझ्या आकड्याला कंदील अडकवला, कधी ओली पिशवी. मी तक्रार केली नाही. म्हातारपणी सगळ्यांचं असंच होतं, असं मनाला समजावलं.

मग आली खंडी.

खंडी म्हणजे या घरची मांजर. धान मोजायचं आमच्याकडचं मोठं माप म्हणजे खंडी, आणि ही बया दोन वर्षांत एवढी फुगली की भैय्यालालने तिचं नावच ते ठेवलं. लेक-सून नागपूरला. घरात भैय्यालाल, त्याची बायको जनाबाई आणि खंडी, एवढीच माणसं. हो, माणसंच. भैय्यालालच्या ताटातला पहिला घास खंडीचा असे. दूधभात, तळलेले झिंगे, लोणी, जे मागेल ते. आधी तिने उंदरांकडे बघणं सोडलं. मग तिला खिडकीवर उडी मारता येईना. शेवटी स्वतःची पाठही चाटता येईना आणि पाठीवर केसांच्या गाठी झाल्या. चार पावलं चालली की ती धापा टाकत बसायची. तेव्हा मात्र जनाबाईने तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

परत आल्यावर तिने डॉक्टर मेघा मॅडमचं सगळं बोलणं पडवीत बसून भैय्यालालला ऐकवलं, म्हणून मलाही कळलं. दूधभात बंद. उकडलेलं मांस किंवा मासा, मोजून, दिवसातून दोनदा ठरल्या वेळी. दोरी ओढून, चेंडू टाकून तिला पळवायचं. दर रविवारी वजन करायचं. महिन्याला दोनशे-अडीचशे ग्रॅम उतरले तर पुष्कळ झालं, घाई करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला उपाशी ठेवायचं नाही. लठ्ठ मांजर दोन दिवस जेवलं नाही तर त्याचं काळीज, म्हणजे यकृत, बिघडतं आणि जीव जातो.

"काटा काढा तुमचा," जनाबाई म्हणाली.

मित्रांनो, सहा वर्षांनी भैय्यालालने माझी तबकडी धोतराच्या सोग्याने पुसली. आकड्याला कापडी थैली अडकवली आणि थैलीचं वजन वजा जावं म्हणून स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली. खंडीला थैलीत बसवलं. तिचं तेवढं तोंड बाहेर. भैय्यालाल सवयीने ओरडला, "लाभ!"

"इथं लाभ नोको, मले तोटा पायजे!" जनाबाई म्हणाली आणि दोघंही हसली.

आठ किलो दोनशे. जनाबाईने कॅलेंडरवर लिहून ठेवलं. दोन रविवारांनी मी आठ किलो शंभर सांगितलं. मला वाटलं, बाजार उठला म्हणून काय झालं, माझ्या सांगण्यावर अजून एक जीव तरतो आहे. त्या दिवसांइतका सुखी मी कधीच नव्हतो.

पण दुपारी जनाबाई झोपली की खंडी भैय्यालालच्या पायाशी येऊन बसायची. ओरडायची नाही, नुसती बघायची. भैय्यालाल पहिल्या दिवशी उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काय करू गं? तुयी आजी मारन मले." तिसऱ्या दिवशी त्याने शिंक्यावरची दुधाची वाटी खाली घेतली. मी आढ्यावरून सगळं बघत होतो. चौथ्या रविवारी मी आठ किलो अडीचशे सांगितलं, कारण तेच खरं होतं.

"मी तं मोजून देऊन राहिली, मंग वाढली कायनं?" जनाबाई कॅलेंडरकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी जनाबाई न्हाणीत असताना तो माझ्यापाशी आला. इकडेतिकडे बघितलं. आणि ज्या अंगठ्याने कधी पापाला स्पर्श केला नव्हता, त्याच अंगठ्याने त्याने माझा स्क्रू फिरवला. माझी सुई शून्याच्या मागे गेली. मग खंडीला थैलीत घालून त्याने हाक मारली, "ये वो, पायून घे, उतरली!"

मी आठ किलो म्हणालो. आयुष्यातलं माझं पहिलं खोटं.

रिकाम्या काट्याकडे कोणी बघत नाही, मित्रांनो. सगळे भरल्या काट्याकडेच बघतात. जनाबाईला आनंद झाला. ती गेल्यावर भैय्यालालने स्क्रू होता तिथे आणून ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आठवड्याला खंडी वाढायची आणि माझं खोटंही वाढायचं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजराचे डोळे उघडे होते, मिटले होते ते मालकाने. आणि मी? मला ना हात, ना तोंड. कुंपणच शेत खातं तेव्हा शेताने कोणाला सांगावं?

दोन महिन्यांनी दवाखान्यात जायचं ठरलं होतं. "काटा सांगते ना आपला, कायले जातं?" असं भैय्यालालने चारदा म्हणून बघितलं. जनाबाई गेलीच. परत आली ती लाल होऊन. मी सांगितलं होतं सात किलो आठशे. दवाखान्याच्या काट्याने सांगितलं, आठ किलो सहाशे.

मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता हा बोलेल. तीस वर्षांचा माझा सोबती, आता तरी बोलेल.

भैय्यालाल माझ्याकडे न बघता म्हणाला, "काटा म्हातारा झाला. खोटा पडला. देऊन टाक भंगारात."

वड्याचं तेल वांग्यावर निघालं! ज्याच्यासाठी मी खोटं बोललो, त्यानेच मला खोटा ठरवलं. स्क्रू फिरवला तेव्हा मला दुखलं होतं, पण ते एका आंधळ्या मायेचं दुखणं होतं. हे मात्र वेगळं होतं. याने केसाने माझा गळा कापला. जनाबाईने मला आढ्यावरून उतरवून भंगाराच्या पोत्यात, फुटक्या बादलीवर टाकलं.

खरं सांगणारा घरातून गेला की काय होतं ते ऐका. जनाबाईला वाटलं, एवढं मोजून देऊनही जर मांजर वाढतं, तर मॅडमचा उपाय काही लागू पडत नाही. आपल्याकडे पोट बिघडलेल्याला लंघन घालतात, तसं दोन दिवस हिलाही घालावं. तिने वाटी उचलून ठेवली. आणि भैय्यालाल घाबरला होता, म्हणून त्यानेही चोरून देणं एकदम बंद केलं. लोणी खाणाऱ्या खंडीच्या पोटात काही म्हणजे काही गेलं नाही. तिसऱ्या सकाळी जनाबाईने वाटी पुढे ठेवली, तर तिने मासा हुंगलासुद्धा नाही. तोंड फिरवलं आणि चुलीमागे जाऊन पडली. तिच्या कानांच्या आतली कातडी पिवळट दिसत होती.

जनाबाईने मॅडमला फोन लावला. पोत्यातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "आजी, उपाशी ठेवू नका म्हटलं होतं ना मी! लगेच घेऊन या. आणि निघायच्या आधी वजन करा, किती उतरलं ते मला कळू द्या."

जनाबाईने पोतं उपसलं. "खोटा तं खोटा," ती म्हणाली, "पण कितीनं खोटा, ते तं पायलं पायजे." तिने मला टांगलं. थैली अडकवली, सुई शून्यावर होती. मग तिने दुकानातून आणलेला मिठाचा एक किलोचा पुडा आत ठेवला.

मी एक किलो म्हणालो.

तिने दुसरा पुडा ठेवला. मी दोन किलो म्हणालो. ना रेघभर इकडे, ना तिकडे.

जनाबाईने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्यावरच्या स्क्रूकडे, आणि मग दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"काटा खरा हाये," ती हळूच म्हणाली. "मंग खोटं कोन हाये जी?"

भैय्यालाल पडवीत आला. "मीच देत होतो तिले. अन् स्क्रूबी मीच फिरवत होतो. मले तिची भूक पायवत नव्हती, जना."

"भूक नाई पायवत," जनाबाई म्हणाली, "अन् मरन पायवन?"

खंडी सहा दिवस दवाखान्यात होती. मॅडमने सलाईन लावलं, सिरिंजने थेंब थेंब अन्न भरवलं. भैय्यालाल रोज जाऊन बसायचा. सातव्या दिवशी ती आपल्या तोंडाने जेवली आणि घरी आली.

त्या रविवारी भैय्यालालने मला पुसलं. सुई शून्यावर आणली, मिठाच्या पुड्याने तपासली. मग नात रिता दिवाळीत विसरून गेलेली लाल नेलपॉलिशची बाटली त्याने जनाबाईपुढे धरली. "स्क्रूवर ठिपका लाव," तो म्हणाला. "स्क्रू फिरवला तं ठिपका तडकन. मायावर भरोसा नोको ठेवू."

जनाबाईने ठिपका लावला.

आता वर्ष होत आलं. खंडी साडेसहा किलोवर आली आहे. रोज मोजून जेवते, दोरीमागे पळते, आणि परवा तिने खिडकीवर उडी मारली तेव्हा भैय्यालालच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आनंद झाला. खोटं नाही सांगत, झाला.

पण मित्रांनो, काट्याची कोणी माफी मागत नाही. भैय्यालालनेही मागितली नाही. तुमच्या घरी असं गोबरं मांजर असेल तर त्याचे लाड जरूर करा. त्याच्याशी खेळा, त्याला कुशीत घ्या, पण घास मोजून द्या, वजन हळूहळू उतरवा आणि कधी उपाशी ठेवू नका. आणि चुकून जास्तीचा घास गेलाच, तर तो सांगून टाका. सांगितलेल्या चुकीवर डॉक्टरकडे औषध असतं.

पूर्वी माझ्या अंगावर साहेबांचा शिक्का होता, तो माझ्यावर भरोसा आहे हे सांगायला. आता लाल ठिपका आहे, तो भैय्यालालवर नाही हे सांगायला. दर रविवारी त्याचा अंगठा त्या ठिपक्यापाशी येतो आणि थांबतो. तो 'लाभ' म्हणायचं विसरला आहे. खंडी थैलीत बसते, जनाबाई आकडा वाचते, आणि मी खरं तेच सांगतो.

ठिपका अजून तडकलेला नाही. मी मात्र रोज बघतो.