लुकलुक

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरचा तो कॉम्प्युटरमधला फॉर्म म्हणजे नुसता बाजार! नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, जुनी दुखणी, सगळ्या मिळून दोनशेच्या वर चौकटी. पुढच्या पेशंटचा नंबर टाकला की प्रत्येक चौकट आपापलं अंग रंगवत बसायची आणि पडदा असा लुकलुकायचा, की खिडकीवरच्या मावशींचं डोकंच उठायचं.

फॉर्म बांधणारा प्रोग्रामर मात्र कधीचा निघायच्या तयारीत होता. बायको-मुलगी दुसऱ्या गावी, तिथली बदली मंजूर, अडलं होतं ते फक्त साहेबांच्या सहीपाशी. "तेवढं लुकलुकणं घालव, की तू मोकळा," साहेब म्हणाले. हे 'तेवढं' म्हणजे मारुतीचं शेपूट होतं. आधी तेवढी छपाई, मग तेवढा बॅकअप. नाही म्हणायची धमक या गड्यात नव्हती, हेही खरंच.

रोज संध्याकाळी बायको फोनवर तोफ डागायची. "घर म्हणजे काय धर्मशाळा वाटली? लेकीला वाटतं, बाप फोनमध्येच राहतो!" हा आपला फोन कानापासून लांब धरायचा आणि कधी एकदा संपतंय याची वाट बघायचा.

शेवटी त्याने ते केलंच. पडद्याचं रंगवणं आधी थांबवायचं, सगळ्या चौकटी आतल्या आत भरून घ्यायच्या आणि मग अख्खं चित्र एकदम दाखवायचं. फॉर्म गपगार बदलू लागला. "डोळे निवले रे बाबा!" मावशी म्हणाल्या. सोमवारी सही करतो, असा साहेबांनी शब्द दिला. लेकीने बाबांसाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केला.

आणि सोमवारीच घात झाला. मावशींनी एका बाईंचा नंबर टाकला, बाईंकडे बघत बघत ॲलर्जी टाइप केली, आणि ती आधीच्याच माणसाच्या फॉर्ममध्ये गेली. बाईंचा फॉर्म यायला क्षणभर उशीर झाला होता. बाईंची चौकट कोरी राहिली, इंजेक्शन भरून तयार. नर्सने सवयीने तोंडी विचारलं म्हणून निभावलं!

मावशींनी त्याला गाठलं. "अरे, पडदा लुकलुकला की मला न बघता कळायचं, माणूस बदललं म्हणून. कटकट वाटायची, पण तिच्यावरच तर माझं चालायचं."

साहेबांनी बदलीचा कागद ड्रॉवरमध्ये सारला. "माणूस बदललं की एकदा तरी लुकलुकू दे बुवा. आणि तुझ्याशिवाय याला हात लावायची कुणाची छाती आहे? तेवढे सहा महिने काढ."

"बरं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार, कपाळ! आपणच बांधलेल्या फॉर्मने आपल्यालाच कोंडलं होतं, आणि दाराची कडी दुसऱ्याच्या हातात होती.

संध्याकाळी त्याने फोन लावला. "अगं, अजून सहा महिने थांबावं लागेल," म्हणाला आणि सवयीने फोन कानापासून लांब धरला.

पलीकडून काहीच आलं नाही. त्याने फोन पुन्हा कानाला लावला.

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "जेवून घ्या वेळेवर."

तिकडे काहीतरी बदललं होतं, आणि ते कधी बदललं हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"अगं, भांड की," तो काकुळतीने म्हणाला. "भांड ना माझ्याशी!"

"कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या कप्प्यात लेकीने तिची पुस्तकं ठेवलीयेत."