उकंडाजीचा कोनाडा

मित्रांनो, ढाणकीहून उमरखेडला जाताना चिंचेच्या झाडांआड एक बसका, लाल विटांचा बंगला दिसतो. तो मी. जुना आहे, पण मला कोणी 'बिचारा' म्हटलेलं खपत नाही. बिचारा म्हणणारे फोटो काढतात आणि जाताना माझ्या भिंतीवर खिळ्यानं नाव खरडून जातात.

दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबांना उतरायला जागा हवी होती, म्हणून मी उभा राहिलो. लोक म्हणतात, इंग्रजांनी बांधला. साफ खोटं. इंग्रजानं घोड्यावर बसून बोट दाखवलं, बस. पैनगंगेच्या काठची माती गावच्या लोकांनी तुडवली. विटांची भट्टी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर पेटली. चुना बैल जुंपलेल्या घाण्यात दळला. चुन्याच्या भिंतीला श्वास असतो, मित्रांनो. पावसाळ्यात ती ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडून देते. म्हणून मी इतकी वर्षं टिकलो.

समोर पोर्च होता, साहेबांसाठी. मागे ओटा होता, बाकीच्यांसाठी. आणि ओट्याच्या वर, मागच्या भिंतीत, एक छोटा कोनाडा होता.

उकंडाजी माझा चौकीदार. झाडलोट त्याची, घोडा बांधणं त्याचं, राखण त्याची. पाण्याला मात्र त्यानं हात लावायचा नाही. चहा झाला की खानसामा किटली घेऊन मागच्या दारात यायचा. उकंडाजीनं कोनाड्यातली आपली कपबशी काढून ओट्यावर ठेवायची, खानसाम्यानं वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की कपबशी धुवायची आणि पुन्हा कोनाड्यात. ती कपबशी माझ्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. गोरे साहेब गेले, आपले साहेब आले. कपबशी होती तिथंच राहिली.

छप्पन साली दसऱ्याला उकंडाजी नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन परतला. खानसामा नेहमीसारखा किटली घेऊन आला. उकंडाजीनं कपबशी उचलली आणि ओट्याच्या काठावर आपटली.

"पाजाचा असन तं तुह्या कपात पाज," तो म्हणाला.

खानसाम्यानं किटली परत नेली. उकंडाजीनं नोकरी सोडली नाही, पण माझ्या आवारात पुन्हा चहाचा घोट घेतला नाही. पुढं त्याची सून इंदूबाई दुपारची भाकर घेऊन यायची. त्या रिकाम्या कोनाड्याखाली बसून तो जेवायचा.

नंतर साहेब लोकांना एसीची खोली हवी झाली आणि मी ओस पडलो. वटवाघळं आली, पत्ते कुटणारे आले. कोणीतरी 'दुरुस्ती' म्हणून माझ्या अंगावर सिमेंट थापलं. वरून मी गुळगुळीत दिसायला लागलो आणि आत ओल कोंडून माझ्या विटांचा भुगा व्हायला लागला. झाकलेलं दुखणं असंच असतं.

आता गावानं ठरवलं, बंगला नीट करायचा, मागे हॉल वाढवायचा आणि पोरापोरींसाठी अभ्यासिका करायची. पुंडलिकराव समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. स्वतःच्या ट्रॅक्टरनं रेती आणून टाकली. खेमसिंग मिस्त्रीनं सिमेंट खरवडून काढलं आणि चुन्याचा गिलावा दिला. मला पुन्हा श्वास घेता आला. मागचा ओटा नव्या हॉलच्या आत आला, आणि सिमेंटखाली बुजलेला कोनाडाही उघडा पडला. खेमसिंगला वाटलं, दिव्याची देवळी आहे. त्यानं ती मायेनं घोटून गुळगुळीत केली. पुंडलिकरावांनी उद्घाटनासाठी तिथं पितळेची समई आणून ठेवली.

इंदूबाईची नात रुपाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. घर एका खोलीचं, टीव्ही चालू, भांडी आदळताहेत. तिला हा हॉल हवाच होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती आजीला घेऊन आली.

"आजी, ही माही जागा. पंखा बी वरतंच हाय."

इंदूबाईनं पंख्याकडे पाहिलंच नाही. "इथं समई कोणं ठेवली?"

"मीच," पुंडलिकराव खुशीत म्हणाले. "साहेबायची देवळी होती. खेमसिंगनं जशीच्या तशी काढली."

"देवळी नोहे ते, भाऊ. माह्या सासऱ्याची कपबशी राहे तिथं. आत नेली तं बंगला बाटे ना तुमचा."

खेमसिंगची थापी हातातच राहिली. पुंडलिकरावांनी घसा साफ केला.

"जुनं झालं ते, इंदूबाई. कायले उकरून राह्यल्या? दोन विटा लावून बुजवून टाकतो."

"बुजवाचं नाही."

"मंग समई राहू द्या."

"समई बी नाही. इथं दिवा लागला का उद्या लोक हात जोडतीन."

"मंग पाह्यजे तरी काय तुमाले?"

"मले माहीत नाही. पण ते ठरल्याबिगर माही नात या भिंतीखाली मान खाली घालून बसणार नाही."

"आजी, अभ्यास मान खाली घालूनच करा लागते," रुपाली हळूच म्हणाली.

खेमसिंगला हसू आलं, त्यानं ते गिळलं. इंदूबाई हसली नाही. नातीचा हात धरून ती निघाली. रुपाली दारातून त्या पंख्याकडे वळून पाहत गेली.

पुंडलिकरावांनी उद्याच्या चहासाठी कागदी कपांचा खोका आणवला. मित्रांनो, या कागदी कपांनी मला फार हसवलंय. ते आले आणि गावाला वाटलं, भेद गेला. गेला कुठं? कोणाचा कप कोणाला धुवावा लागत नाही, एवढंच. प्यायचं आणि फेकायचं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी रुपाली आली. डोक्यावर टोपलं, मागे आजी. टोपल्यात विहारातल्या कार्यक्रमाच्या कपबश्या, सगळ्या एकसारख्या. तिनं समई दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली आणि कोनाड्यात कप मांडले. मावले नाहीत ते खाली ओट्यावर.

"काका, कागदी कप नाही. ज्याले चहा पाह्यजे त्यानं इथून कप घ्यावा, धुवावा, इथंच पालथा ठेवावा."

"पाहुण्यायनं बी?"

"काहून, पाहुणे चहा पेत नाही का?"

पुंडलिकरावांनी कागदी कपांचा खोका टेबलाखाली सरकवला. त्यांचे वडील समोरच्या पोर्चमध्ये बसून साहेबांबरोबर चहा प्यायचे. मला ते आठवतं. त्यांनाही आठवत असावं.

पाहुणे जमले. इंदूबाईनं एक कप उचलला. चहा घेतला. माझ्या आवारात तिच्या घराण्यातल्या माणसानं घेतलेला छप्पन सालानंतरचा तो पहिला घोट. मग तिनं कप धुतला आणि कोनाड्यात पालथा ठेवला. पाणी निथळत होतं.

आता सगळे पुंडलिकरावांकडे पाहत होते. त्यांचा हात कोनाड्याकडे गेला. शेजारी कोरड्या कपांची रांग होती. हात तिथं थांबला, थोडा पुढं सरकला, आणि त्यांनी ओला कप उचलला.

चहा पिऊन ते म्हणाले, "साखर कमी पडली."

"साखर तुमच्याच घरून आली, भाऊ," इंदूबाई म्हणाली.

नळाखाली त्यांनी कप विसळला. खेमसिंग मागून म्हणाला, "दादा, बशी बी धुवाची असते." मग मात्र सगळे हसले. आणि रुपाली पंख्याखाली जाऊन बसली. पुस्तक उघडलं, मान खाली घातली. आजीनं तिला उठवलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखं कोणी उभं असेल तर त्याला जरूर दुरुस्त करा, वाढवा. पण सिमेंट थापू नका. आणि नुसता पोर्च रंगवून घरी जाऊ नका. मागे जा, ओटा पाहा, तिथं कोण बसायचं ते विचारा. सांगणारी म्हातारी माणसं अजून जिवंत आहेत.

खेमसिंग हल्ली कुरकुरतो. कोनाड्यात रोज ओले कप पालथे पडतात, त्याच्या घोटीव चुन्यावर गोल गोल डाग उठलेत. म्हणतो, ओल लागून राह्यली भिंतीले.

लागू दे बाबा. ही ओल मला सोसते.