हात अडतो ती जागा

जरा पुढं सरकून बसा, माउली. मागं बसलं की समुद्राच्या आवाजात निम्मं बुडतं. एक गोष्ट सांगतो. तिच्यात एक चूक आहे, आणि ती माझी आहे.

मांडव्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं कोंडाजीबुवा कीर्तन करायचे. एरवी होडीवर मासेमारीला, सप्ताहात देवळात उभे. वीस वर्षं मी त्यांच्या मागं टाळ धरून उभा राहिलो. जाळी ओढून ओढून बुवांचा उजवा खांदा कामातून गेला होता. देवाचं नाव घेताना हात वर निघायचा, छातीपाशी अडायचा, मग झटक्यात वर. तो अडला की मी टाळ थांबवायचो.

कीर्तनात कुणी फोन काढला तर बुवा थांबायचे. "याचं होऊ द्या आधी. देवाला काय, घाई न्हाय." सगळे हसायचे, फोन खिशात जायचा. त्यामुळं बुवा गेले तेव्हा आवाज होता, चार फोटो होते. हलतं चित्र एकही नव्हतं.

त्यांच्या बायकोची, रंगूवहिनींची नजर काचबिंदूनं चालली होती. डॉक्टर म्हणाले, फार तर महिनाभर. मुलगी किशोरी मुंबईत अ‍ॅनिमेशनचं काम करते. तिनं मनाशी धरलं, त्याच्या आत फोटोंवरून बाबांना हलतं करून आईला एकदा दाखवायचं.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. आधी मला दाखवलं.

"रतनकाका, मी दोनच की-फ्रेम देते. हात खाली, हात वर. मधलं कॉम्प्युटर भरतो. पण तो एकसारखं भरतो, बाहुली हलते तसं. म्हणून ही हालचालीची रेष. आडवी पडली की हात थांबतो, उभी झाली की झेपावतो."

पडद्यावर बुवांचा हात निघाला आणि छातीपाशी अडला. पंधरा दिवस पोर त्या एका रेषेला ओढत-वाकवत बसली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडातून भलतंच आलं. "पोरी, एवढं अडणं काढ. भंगलेली मूर्ती आपण पुजतो का? बुवांना आता तरी दुखणं नको."

"काका, नक्की?"

"मी सांगतो ना!"

तिनं रेष गुळगुळीत केली, तीच सेव्ह केली. हात कसा अलगद वर गेला. मी हात जोडले.

वहिनी पडद्याला नाक लावून बसल्या. एकदा पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"कोण गो हा?"

"आई, बाबा ना!"

"न्हाय. ह्याचा खांदा दुखत न्हाय."

आणि उठून चुलीपाशी गेल्या.

जुनी रेष पुसली गेली होती. किशोरीला त्याच संध्याकाळची बोट गाठायची होती, सुट्टी तेवढीच. मग मी इकडून टाळ वाजवून तिला फोनवर पाठवायचो, कुठं थांबायचो ते कळावं म्हणून. ऑफिस सांभाळून ती तिकडं रेष वाकवायची. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर वहिनींना काहीच दिसायचं नाही. तीन आठवड्यांनी ती काम पुरं करून आली, तेव्हा वहिनी भिंत चाचपत दारापर्यंत आल्या. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

"आणलंस ना? लाव मग," वहिनी म्हणाल्या.

बुवांचा आवाज घरात भरला.

"भाऊजी, हात कुठं हाय?"

"निघालाय, वहिनी."

त्यांनी आपला हात उचलला. छातीपाशी आणून थांबवला. पडद्यावरचा हातही तिथंच, त्याच घटकेला थांबला.

"अडला?"

"व्हय."

"मग त्येच हायेत."

दोन्ही हात एकदम वर गेले. किशोरी तोंड फिरवून समुद्राकडं बघत राहिली.

त्यानंतर वहिनींनी ते पुन्हा कधी लावायला सांगितलं नाही. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं होतं.

तुम्ही कधी कीर्तनाला बसाल. कुणा म्हाताऱ्या बुवांचा हात वर जाताना मध्येच अडेल. तेव्हा हसू नका, माउली. आमच्या रंगूवहिनींची आठवण काढा.