फक्त काळं छापणारं मशीन

मित्रांनो, मी एक जुनं सायक्लोस्टाइल मशीन आहे. हातानं फिरवायचं, वीज न लागणारं आणि फक्त काळं छापणारं. तुम्ही मला पाहिलं नसेल. पाहिलं असेल तरी शिवणयंत्र समजून पुढे गेला असाल. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागून तक्रार नको: माझा स्वभाव संशयी आहे. कोणी माझ्याकडे पाहून गोड हसलं की मला वाटतं, याला काहीतरी फुकट छापून हवंय. आणि बहुतेक वेळा तसंच निघतं.

माझं काम समजायला सोपं आहे. स्टेन्सिल नावाचा मेणाचा पातळ कागद असतो. टाइपरायटरची फीत बाजूला सारून त्यावर टाइप केलं की अक्षरांपुरतं मेण निघतं. ती स्टेन्सिल माझ्या ड्रमवर गुंडाळायची. ड्रमच्या आत शाई असते. हँडलची एक फेरी मारली की एक कागद छापून बाहेर. शंभर फेऱ्या, शंभर कागद. यात जादू काही नाही. पण हात कच्चा असला तर एक कागद कोळशासारखा आणि दुसरा कोरा, अशी माझी फजिती होते.

मी कारखान्यातून निघालो आणि थेट एका कापसाच्या कंपनीच्या कचेरीत नऊ वर्षं राबलो. कंपनी बंद पडली. मग नागपूरच्या सीताबर्डीवरच्या रुपराव नावाच्या दुकानदारानं मला उचललं, माझ्यावर नवा राखाडी रंग फासला आणि काचेमागे ठेवलं. हे साल १९७२. म्हातारपणी पावडर लावून बसवलं तर कसं वाटेल, तसं मला वाटत होतं.

एक दिवस प्रेमलताबाई आल्या. पस्तिशीच्या, सडसडीत, खांद्याला कापडी पिशवी. बारा वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होत्या. आता रामदासपेठेत भाड्याच्या घरी, पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करणार होत्या. शाळांचे पेपर, संस्थांच्या नोटिसा, असलं. सोबत धाकटा भाऊ मार्तंड. त्याचे डोळे लागले विजेवर चालणाऱ्या नव्याकोऱ्या मशीनवर.

"ताई, हेच घे ना. चमकून राहिलं पाहा कसं!"

"अन् लाइट गेली तर? तू फिरवशील गा?"

रुपराव पुढे सरसावला. "बरं, हे हातवालं घ्या. एकदम बढिया. याच्यासंगं लाल शाईचा ड्रमही देतो."

"लाल कायले पाहिजे? लग्नपत्रिका छापून राहिली का मी? दोन रंग म्हणजे दोनदा धुणं. मले काळंच पाहिजे."

"एका वकिलाचं होतं हे, ताई. लय कमी वापरलं."

बाईंनी माझ्या हँडलची मूठ चाचपली. "कमी वापरलं, तर मूठ एवढी गुळगुळीत कशी झाली?"

रुपरावाचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी मनात म्हटलं, अरे बाप्पा, ही तर माझ्यावर ताण आहे! तिनं पिशवीतून घरूनच टाइप करून आणलेली स्टेन्सिल काढली, कागदही स्वतःचे काढले, आणि उभ्या उभ्या पन्नास प्रती मारल्या. पहिली आणि पन्नासावी प्रत दाराशी उजेडात नेऊन पाहिली. फूटपट्टी लावून समास मोजले. डोक्यातली पिन काढून माझा रंग खरवडला आणि खालचा पत्रा गंजला नाही ना, हे पाहिलं. तेव्हा कुठे मी तिच्या घरी गेलो. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण आदरही वाटला. मलाही असंच पारखून घ्यायला आवडतं.

काम वाढलं, तशी बाईंनी हँडलवर प्रयागबाईंना ठेवलं. प्रयागबाई उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. लहानपणापासून मागावर बसलेल्या. नवरा गेल्यावर नागपुरात खोली घेऊन राहत होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हाताला अशी लय होती की पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत शाई एकसारखी. गिऱ्हाइकं म्हणत, छपाई घ्यावी तर इथलीच. ते कौतुक माझ्या नावावर जमा होई, आणि मी ते मुकाट्यानं घेत असे.

तरी माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्या फार कमी बोलत. गप्प माणसं मला नेहमीच खुपतात. वाटायचं, एवढं न बोलून ठेवतात कुठे?

शाळेच्या प्रश्नपत्रिकेचा दिवस म्हणजे आमच्याकडे मोठा बंदोबस्त. दाराला कडी. खोलीत बाई, प्रयागबाई आणि मी. प्रती मोजायच्या, खराब झालेल्या वेगळ्या मोजायच्या. शेवटी खराब प्रती आणि स्टेन्सिल दोन्ही शेगडीत जाळायचे. राख होईपर्यंत बाई उठत नसत. मग मुख्याध्यापक महादेवराव स्वतः येऊन गठ्ठा घेऊन जात.

१९७६ च्या सहामाही परीक्षेत गणिताचा पेपर असाच छापला. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी महादेवराव आले, ते चपला न काढताच.

"बाई, वाडी गावच्या चार पोरांजवळ हाच पेपर आहे. हीच गणितं, याच क्रमानं. आता रातोरात दुसरा काढावा लागते आम्हाले. तुमच्या घरून फुटला हा."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. दार सताड उघडं होतं. शेजारच्या कौशल्याबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे उभे राहिले. मार्तंडही घरातच होता.

बाई वळल्या. "प्रयागबाई, खोलीत आपण दोघीच होतो. म्या तर दिला नाही."

"ताई, मले वाचता तरी येते का?"

"वाचता नाही येत. नेता तर येते."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी ते वाक्य मला लागलं. प्रयागबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. हाताची शाई चिंधीला पुसली, चिंधी घडी करून माझ्या कागद ठेवायच्या पाटावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेल्या. ओट्यावरून कोणीतरी म्हणालं, "पाहा बाप्पा, दिसत नव्हतं तोंडावरून." आणि मी? मीही हेच म्हणत होतो. बरोबर, मी म्हणतच होतो, गप्प माणसं अशीच असतात. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

महादेवरावांनी मोठ्या मनानं सांगितलं की प्रयागबाईला काढलं ना, मग शाळेचं काम तुमच्याकडेच राहू द्या.

चार महिने गेले. हँडलवर मार्तंड आला. तो अशा घाईनं फिरवी की कागद माझ्या पोटात अडकायचे. बाई स्वतः फिरवू लागल्या, तर दंड दुखून टायपिंगला हात उठेना. नोटिसा अर्ध्या काळ्या, अर्ध्या फिकट निघत. कानावर येई की प्रयागबाईंना आमच्या आळीत कोणी धुण्याभांड्यालाही बोलवत नाही. बाई ते ऐकून टाइपरायटरवर जोरानं बोटं आपटत. आणि मला आता बाईंचाच संशय येऊ लागला होता. एवढं आपटायला झालं काय हिला?

मग एक दिवस वाडीहून चंपतराव आले. वाडीला त्यांचं मालवाहतुकीचं गोदाम. भाड्याच्या दरांची यादी ते आमच्याकडूनच छापून नेत. दिलखुलास माणूस, काखेत गोदामाचं मोठं रजिस्टर.

"बाई, मागच्या वख्ती माह्या गठ्ठ्याचा वरचा कागद काळा करून देल्ला तुम्ही. भांडत नाही, फक्त सांगून राहिलो. अन् हा पाहा त्याचा गुन्हेगार." त्यांनी रजिस्टरचं खाकी कव्हर उलटून दाखवलं. "तुमच्याच गठ्ठ्याचा कागद. जाड होता, म्हणून रजिस्टरले घातला."

कव्हरच्या आतल्या बाजूनं काळी अक्षरं होती. बाईंनी वाचलं. कोणतेही पाच प्रश्न सोडवा.

"आमचा मुनीम शालिकराम म्हणे, रद्दीतली गणितं आहेत, भाच्याच्या सरावाले बरी पडतीन. त्यानं उतरून नेली. भल्लं खूश झालं पोट्टं, दोस्तायलेही वाटली त्यानं!"

चंपतराव हसत होते. बाई हसत नव्हत्या. मला सगळं एकदम कळलं, आणि बाईंनाही.

छापून झाल्यावर स्टेन्सिल शाईनं ओली गच्च असते. तशीच शेगडीकडे नेली तर घरभर ठिबकते. म्हणून बाई ती आधी कागदाच्या रिमावरच्या जाड खाकी वेष्टनावर दाबत, जास्तीची शाई टिपून घेत आणि मगच जाळत. स्टेन्सिलची राख व्हायची. पण दाबताना एकेक अक्षर खाकी कागदावर उमटायचं. आणि बाई पडल्या काटकसरी. चांगला जाड कागद फेकायचा कशाला? तो वाळवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा गठ्ठा त्यात बांधायचा, काळी बाजू आत ठेवून. प्रती मोजल्या, राख पाहिली, दाराला कडी घातली, आणि पेपर स्वतःच्याच हातानं सुतळी बांधून वाडीला पाठवला.

बाईंनी चंपतरावांना नवं कव्हर घालून दिलं आणि ते खाकी ठेवून घेतलं. ते गेल्यावर शेगडी पेटवली. कागद हातात, शेगडी समोर. चंपतरावांना काही उमगलं नव्हतं. मार्तंड घरी नव्हता. वार्षिक परीक्षेचं शाळेचं सगळं काम महिन्यावर आलं होतं. मी म्हटलं, जाळणार. पैज लावतो, जाळणार.

बाईंनी शेगडीवर पाणी ओतलं, तोंडाला पदर लावला आणि रडल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून प्रयागबाईंना बोलावलं. त्या आल्या, पण पायरीवरच उभ्या राहिल्या. बाईंनी हात धरून आत घेतलं, दार लावलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. "चूक माही होती, प्रयागबाई. माफ करा. उद्यापासून कामाले या."

प्रयागबाईंनी लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"ताई, चोर म्हटलं तवा दार उघडं होतं. आता काहून लावून राहिल्या?"

"मग काय करू मी? आता काय घरोघरी जाऊन सांगू?"

"ते तुमचं तुम्ही पाहा. मशीन तुमच्याजवळच आहे."

बाईंनी उठून दार उघडलं, अगदी भिंतीला टेकेपर्यंत. टाइपरायटरवर बसल्या आणि स्टेन्सिल टाइप केली. पाच-सहाच ओळी होत्या. पहिला कागद त्यांनी स्वतः काढला आणि पुढे केला.

"मले काय दाखवता?" प्रयागबाई म्हणाल्या. "अन् तुमच्या वाचण्यावर भरोसा तरी कसा ठेवू? कौशल्याबाई, या जरा इकडे. तुम्हीच होत्या ना तवा ओट्यावर?"

कौशल्याबाई चोरट्यासारख्या आल्या. त्यांनी मोठ्यानं वाचलं: "गणिताची प्रश्नपत्रिका प्रयागबाईंनी फोडली नाही. ती माझ्या निष्काळजीपणामुळे वाडीला गेली. प्रयागबाईंवर मी सर्वांसमोर खोटा आळ घेतला. त्याबद्दल मी सर्वांसमोर त्यांची माफी मागते. प्रेमलता." वाचून त्यांनी कागद पटकन परत केला. त्यांनीही तेव्हा जिभेला हाड ठेवलं नव्हतं.

"किती काढू?" बाईंनी हँडल धरत विचारलं.

"सरका," प्रयागबाई म्हणाल्या. "तुम्ही फिकट काढसान."

त्यांनी पदर खोचला आणि हँडल हातात घेतलं. साठ प्रती. पहिल्यापासून साठाव्यापर्यंत एकसारख्या काळ्या. माझ्या सगळ्या जन्मात मी याहून चांगलं छापलं नाही.

गठ्ठा झाल्यावर बाईंनी विचारलं, "वाटायले तुम्ही येता?"

"मी कायले? नाव तुमचं आहे खाली."

बाई चपला घालून निघाल्या. पहिला कागद महादेवरावांना, मग अख्खी आळी. जाताना घराच्या किल्ल्या माझ्या पाटावर ठेवून गेल्या. प्रयागबाई माझ्याजवळ स्टुलावर बसल्या आणि चिंधीनं माझा ड्रम पुसू लागल्या. घर उघडं, किल्ल्या समोर, आणि त्या एकट्या. त्या दिवशी मी कोणावरही नजर ठेवली नाही.

शाळेचं काम गेलं, ते पुन्हा आलं नाही. त्या वर्षी घरात ओढाताण झाली. प्रयागबाई मात्र आल्या, पुढची दहा वर्षं. आता कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान निघालंय, आणि मी खाटेखाली असतो. माझ्या मुठीवर धूळ आहे, ड्रममधली शाई दगडासारखी झालीय. वर्षातून एकदा तेलाचे दोन थेंब सोडलेत तर बरं वाटेल, नाही सोडलेत तरी मी कुरकुर करणार नाही.

विनंती दुसरीच आहे. संशय मलाही येतो, तुम्हालाही येईल, त्याला इलाज नाही. पण मित्रांनो, कोणाला चारचौघांत चोर म्हटलं असेल आणि ते खोटं निघालं, तर तेही चारचौघांतच सांगा. दार लावून सांगू नका.